ओट्याला धरून

नाशिक रोडला माणूस पन्नाशीला टेकला की त्याने काय करायचं, हे ठरलेलं आहे. सकाळी फिरायला जायचं, जमलं तर मुक्तिधामचं दर्शन घ्यायचं, येताना भाजी आणायची. संध्याकाळी योगवर्ग, हास्यक्लब किंवा भजनी मंडळ, ज्याची त्याची आवड. बायकांना मंगळागौरीचा ग्रुप जास्तीचा. शिवाय गुडघ्यांचे एक्स-रे काढायचे आणि ते डॉक्टरांच्या आधी शेजारणीला दाखवायचे. या यादीत बॅले कुठेच बसत नाही. तरी मी तो शिकते आहे. शिकते म्हणजे काय, तर यांचा डबा भरून दिला, मावशी भांडी घासून गेल्या, की स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून उभी राहते. मिसळणाच्या डब्याला टेकवून मोबाइल ठेवलेला असतो आणि त्यातली एक सडपातळ बाई मला गुडघे वाकवायला सांगत असते.

बॅलेच्या वर्गात भिंतीला कमरेच्या उंचीचा लाकडी दांडा असतो. त्याला हलकेच हात टेकवून सगळा सराव करायचा. माझ्याकडे दांडा नाही. आधी खुर्चीची पाठ धरून पाहिली, पण मी वाकले की खुर्चीही वाकायची. गॅलरीचा कठडा भक्कम आहे, मात्र तिथे उभं राहिलं की समोरच्या बिल्डिंगमधले तिघेजण चहाचे कप घेऊन आपापल्या गॅलरीत येतात. राहता राहिला ओटा. तो ग्रॅनाइटचा आहे, जरा बुटका आहे, पण कुणाच्या बापाला हलायचा नाही. हलकेच टेकायचं ते अजून जमत नाही. सध्या मी त्याला धरून असते.

आमचे हे नोटांच्या छापखान्यात. नाशिक रोडला दर दोन-चार घरांमागे कुणीतरी प्रेसमध्ये असतं किंवा होतं. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ची, करन्सी नोट प्रेस १९२८ची, त्यामुळे आजोबा-वडील-मुलगा अशी तीन पिढ्यांची घरंही सापडतात. प्रेसमध्ये जन्म काढलेल्या माणसाला कुठलीही वस्तू उजेडासमोर धरून बघायची खोड लागते. बॅलेही यांनी तसाच धरून बघितला.

“यातून साध्य काय होणार?”

“पोटऱ्या मजबूत होतात.”

“त्या जिने चढूनही होतात.”

“तोल सुधारतो.”

“तुझा तोल कधी गेला होता?”

नवऱ्याने बायकोला हा प्रश्न खरोखरच्या कुतूहलाने विचारावा, यावरून आमच्या संसाराला किती वर्षं झाली ते ताडावं.

नणंदेने मात्र मुद्द्याचं विचारलं. “परीक्षा असते का गं याला?” तिला दोष देता येत नाही. आपल्याकडे पोराचा पेटीवर ‘सा’ धड लागायच्या आत प्रारंभिकचा फॉर्म भरलेला असतो. आणि यात नाशिकचाही थोडा हात आहे. लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधाराश्रमात राहिले. १९३१ साली बुवा गेले, त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, आणि प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतची शिडी घरोघरी जाऊन टेकली. कथकच्या मुलीही याच शिडीने चढतात. बॅलेलाही परीक्षा आहेत. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स १९२०पासून हेच काम करते आहे. तिने पंचावन्नपुढच्या लोकांसाठी ‘सिल्व्हर स्वान्स’ नावाचे वर्गही काढले आहेत. हे सगळं नणंदेला सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. मी देणार नाही म्हटल्यावर मावळला.

“मग शिकायचं कशाला?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि पुढे लक्षात आलं की त्यातच खरी मौज आहे. आजवर जे जे शिकले त्याला उत्तर होतं. पोळ्या लाटायला शिकले, लाटाव्या लागणार होत्या म्हणून. बी.एड. केलं नोकरीसाठी. पोहणं शिकले ते कंबर धरली आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. रांगोळीसुद्धा शिकले ती सोसायटीच्या स्पर्धेत आमच्या विंगचं नाक वर राहावं म्हणून. बॅलेवाचून जगात कुणाचंही अडलेलं नाही. मी तो वाईट केला तर कुणाचा डबा चुकत नाही आणि चांगला केला तर कुणाचं भलं होत नाही.

हा नाच मुळात राजेलोकांचा. फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः नाचायचा, आणि चांगला नाचायचा म्हणतात. अर्थात राजा वाईट नाचतो असं लिहून ठेवणार कोण? १६६१ साली त्याने पॅरिसला नृत्याची शाही अकादमी काढली. तेव्हा इकडे शाहिस्तेखान पुण्यात तळ ठोकून बसला होता, त्यामुळे आपल्याला या गोष्टीकडे लक्ष द्यायला फुरसत नव्हती. लुईचा नृत्यगुरू प्येर बोशाँ याने पायांच्या पाच पोझिशन पक्क्या केल्या असं मानतात. साडेतीनशे वर्षं उलटली तरी त्यात फरक नाही. मी पहिलीत आहे. टाचेला टाच लावायची आणि चवडे बाहेर उघडायचे. ऐकायला सोपं आहे. उभं राहून बघा. चवडे उघडतात, त्यांच्या पाठोपाठ गुडघे आत वळतात, ते सावरावेत तर पार्श्वभाग मागे जातो, आणि तो आत घ्यावा तर श्वास अडकतो. पाचवीत एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला चिकटवून पाय एकमेकांवर घट्ट मिटायचे असतात. ती मी फक्त मोबाइलमध्ये पाहते.

एकदा मी अशी पहिलीत अवघडून उभी होते. सासूबाई दारात पाटावर बसून मेथी निवडत होत्या. बराच वेळ त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, गुडघा काय पिळतेस? खुब्यातून फिरव.”

मी थक्क झाले. कारण बॅलेतलं पहिलं सूत्र नेमकं हेच आहे. पाय बाहेर वळवायचा तो खुब्याच्या सांध्यातून; मांडी वरूनच वळली की गुडघा आणि पाऊल आपसूक मागोमाग येतात. पाऊल आधी वळवून गुडघ्याला ओढून न्यायला गेलं की गुडघा बिघडतो. मोबाइलमधली बाई हे इंग्रजीत सांगून दमली होती. आईंना ते इंग्रजी कळलेलं नव्हतं.

“तुम्हाला कसं माहीत?”

“यात माहीत काय असायचंय? आम्ही बसफुगडी घालायचो.”

मग मेथी बाजूला राहिली. उकिडवं बसून टुणटुण उड्या मारत घालायची ती फुगडी. त्यात टाच कधी टेकवायची, कधी उचलायची, गुडघे किती फाकवायचे, हे त्यांनी बसल्या जागी हाताच्या पंजांनी करून दाखवलं. दोन्ही तळवे पावलांच्या जागी धरले होते आणि बोटं चवड्यांचं काम करत होती. वय ऐंशीच्या घरात, पण मांडी घातली की दोन्ही गुडघे जमिनीला लागतात. माझे हवेत राहतात. मी डायनिंग टेबलच्या पिढीतली. पॅरिसच्या ऑपेराची बॅलेशाळा १७१३ सालची, तिथे मुली आठव्या वर्षापासून खुबे उघडायला लागतात. आईंनी ते काम पंगतीत बसून, जात्यावर बसून, पाटावर बसून फुकटात उरकलेलं आहे. डायनिंग टेबल घ्यायचा हट्ट माझाच होता, हे त्यांनी त्या दिवशी बोलून दाखवलं नाही. फक्त टेबलाकडे एकदा बघितलं.

गुडघे वाकवणं म्हणजे प्लिए. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं म्हणजे रलेव्हे. त्यात आठ आकडे थांबायचं असतं. मी कुकरच्या शिट्टीपर्यंत थांबते. तूरडाळीच्या कुकरचा काही भरवसा नसतो. शिट्टी येते येते म्हणताना नुसतीच फुसफुसते आणि तोवर पोटरीत गोळा आलेला असतो. आकड्यांचं मला वेगळंच दुखणं आहे. कान तीनतालावर वाढलेले. सोळा मात्रा झाल्या की समेवर यायचं. बॅलेचे आठ दोनदा मोजले की हिशेब जुळतो, पण बाई “फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट” म्हणून निघूनही जाते आणि मी समेची वाट बघत मागे राहते. प्लिए तीनच्या ठेक्यात असला तर मनात दादरा धरते, निभतं.

गिरकीची गंमत और आहे. चक्कर येऊ नये म्हणून समोरच्या एका खुणेवर नजर खिळवायची, धड फिरू द्यायचं, आणि अगदी शेवटी डोकं झटक्यात फिरवून नजर पुन्हा त्याच खुणेवर आणायची. कथकच्या मुली चक्रं घेताना हेच करतात. माझी खूण म्हणजे फ्रिजशेजारचं कालनिर्णय, त्यातही संकष्टीचा चौकोन. गिरकी बरोबर आली तर चतुर्थी दिसायला हवी. मला बहुतेक वेळा फ्रिज दिसतो.

दुपारी आईंना झोप लागत नाही, म्हणून आम्ही दोघी मोबाइलवर जुने बॅले बघतो. ‘ला बायादेर’ त्यांना दाखवायचाच होता, कारण त्याची गोष्ट भारतात घडते. मारियुस पेतिपाने तो १८७७ साली सेंट पीटर्सबर्गला बसवला. नायिका देवळात नाचणारी निकिया, नायक योद्धा, राजकन्या, फुलांच्या परडीतून साप, सगळं आहे. पेतिपाने भारत पाहिलेला नव्हता. आईंनी नायिकेचा पोशाख बघून विचारलं, “या कपड्यांत हिला देवळात घेतली कुणी?” सापाचा प्रवेश त्यांना पटला, फुलांच्या परडीत साप निघणं त्यांच्या मते शक्य कोटीतलं आहे. मग तो प्रसिद्ध प्रवेश आला. अफूच्या तारेत नायकाला सावल्यांचं राज्य दिसतं, आणि पांढऱ्या वेशातल्या मुली उतारावरून एकामागून एक खाली येतात. एक पाय मागे लांबवून झुकायचं, सरळ व्हायचं, दोन पावलं पुढे, पुन्हा तेच. सगळ्या जणी उतरून येईपर्यंत तेच ते. मला वाटलं आई कंटाळतील. त्या चष्मा पुसून पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, “दिंडीसारख्या येतायत गं.” निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते ती आमच्या नाशिक रोडवरूनच सिन्नरकडे जाते, आणि वारकऱ्यांची पावली आईंनी लहानपणापासून पाहिली आहे. पेतिपाला समीक्षक पुष्कळ मिळाले असतील. मला हा अभिप्राय त्या सगळ्यांपेक्षा जवळचा वाटला.

आता त्या गुलाबी बुटांबद्दल. बॅले म्हटलं की लोक तेच विचारतात. बोटांच्या टोकावर उभं राहायच्या त्या बुटात लोखंड नसतं. कापड, कागद आणि खळ यांचे थर वाळवून पुढचा डबा कडक केलेला असतो. मारी टाग्लिओनीने १८३२ साली पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ केला तेव्हा तर तेवढंही नव्हतं. सॅटिनचा मऊ बूट, टोकाशी रफू करून जाड केलेला. लहान मुलींनासुद्धा अकरा-बारा वर्षांच्या झाल्याशिवाय आणि पाय नीट तयार झाल्याशिवाय ते बूट देत नाहीत, कारण पावलाची हाडं तोवर कोवळी असतात. माझी हाडं कोवळी नाहीत हे खरं, पण मी त्या वाटेला जाणार नाही. अनवाणी करते. मोजे घालून पाहिले, पण मोजे आणि व्हिट्रिफाइड टाइल्स यांचं आपसात वेगळंच काही ठरलेलं असतं.

फरशीवर उड्या मारायच्या नसतात, हेही मला उशिरा कळलं. बॅलेच्या खोलीत लाकडी जमिनीखाली पोकळी ठेवतात, म्हणजे उडीचा हादरा जमीन शोषून घेते. आमच्याकडे तो हादरा खालच्या मजल्यावरच्या काकू शोषून घ्यायच्या. एका सकाळी गाउनवर ओढणी घेऊन त्या वर आल्या.

“काही पडलं का हो?”

“नाही, मी उडी मारली.”

“कशावरून?”

“कशावरून नाही. जागच्या जागी.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जुन्या पंजाबी ड्रेसची सलवार, मुलीचा कॉलेजातला टी-शर्ट, हात ओट्यावर. मग मोबाइलमधल्या बाईकडे पाहिलं. ती बिचारी पाय लांबवून जमीन पुसल्यागत अंगठा पुढे सरकवत होती. काकू म्हणाल्या, “हे मला फिजिओने सांगितलंय, टाचेच्या दुखण्यावर.” एवढं बोलून त्यांनी ओढणी खोचली आणि फ्रिजचं हँडल धरलं. त्या आता नेमाने येतात. उड्या आम्ही सोडून दिल्या आहेत. आमच्या पायांखाली आता त्यांचं घर रिकामंच असतं, पण त्यांच्या खालीही कुणी राहतं.

खरा गुरू हवा तर मुंबई गाठावी लागेल. तिथे तुष्ना डल्लास यांनी १९६६ साली बॅलेची शाळा सुरू केली. नाशिक रोड ते मुंबई सुमारे १९० किलोमीटर. यांनी लगेच सुचवलं, “पंचवटीचा पास काढ.” ही थट्टा असली तरी अगदीच हवेतली नाही. १९७५पासून पंचवटी एक्सप्रेसने नोकरीसाठी रोज मुंबईला जाऊन-येऊन निवृत्त झालेली माणसं आमच्या गावात आहेत. डब्यात त्यांचे वाढदिवस होतात, त्यांची भांडणं होतात आणि मुलामुलींची लग्नंही जुळतात. पण पगारासाठी कसारा घाट रोज उतरणं लोक समजून घेतात. गुडघे वाकवायला उतरणं त्यांना समजावता येणार नाही.

वय झाल्यावर नाचायला लागलेल्यांची नावं मी जमवली होती, घरात वाद झाला तर असावीत म्हणून. रुक्मिणीदेवी अरुंडेल. रशियन बॅलेरिना आना पावलोवाच्या मंडळीतल्या क्लेओ नॉर्दीकडे त्या बॅले शिकल्या, मग पावलोवाच्याच सांगण्यावरून आपल्या देशाच्या नृत्याकडे वळल्या, आणि १९३५ साली अड्यारला भरतनाट्यमचा पहिला कार्यक्रम केला तेव्हा एकतिशीत होत्या. मादाम मेनका म्हणजे लीला सोखी. परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांच्या पत्नी. त्यांनी कथकवर बॅले बसवले, ते युरोपभर नेले, खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. आपल्या दमयंती जोशी त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. उदय शंकर मुंबईत जे. जे.मध्ये आणि पुढे लंडनला चित्रकला शिकत होते. पावलोवाने त्यांना १९२३ साली नाचात ओढलं. अगदी अलीकडचा मुंबईचा मनीष चौहान. टॅक्सीचालकाचा मुलगा; विशीच्या उंबरठ्यावर यहुदा माओर या गुरूच्या हाताखाली बॅलेला लागला, आणि सूनी तारापोरवालांच्या ‘ये बॅले’ या २०२०च्या चित्रपटात त्याने स्वतःवरच बेतलेली भूमिका केली. विशी म्हणजे बॅलेत म्हातारपण.

यादी भारदस्त आहे. पण खरं सांगायचं तर माझ्या उपयोगाची नाही. ही माणसं उशिरा सुरू झाली आणि तरी थोर झाली. मी उशिरा सुरू झाले आहे आणि कुठेच पोचणार नाही. मला धीर आला तो दुसऱ्याच गोष्टीने. मॉस्कोचं बोल्शॉय असो, पॅरिसचं ऑपेरा असो, तिथली पहिल्या क्रमांकाची नर्तिकाही सकाळी येऊन दांड्याला हात लावते आणि सुरुवात प्लिएने करते. आदल्या रात्री टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं असलं तरी सकाळी पुन्हा पहिली पोझिशन, गुडघे वाकव, सरळ कर. निवृत्त होईपर्यंत त्यातून सुटका नाही. गाण्यात खर्ज लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणजे आमच्या ओट्याशी जे चालतं तेच तिथे चालतं. ती फार चांगलं करते, मी फार वाईट करते, पण धडा एकच आहे आणि तो दोघींचाही संपलेला नाही. स्वयंपाक, नोकरी, मुलांचे अभ्यास यांत मी कधीच ‘झालं, येतंय तुला’ या वर्गात ढकलली गेले आहे. येतंय म्हटल्यावर कुणी शिकवत नाही, नुसतं काम सांगतात. इथे मला कुणीतरी रोज सांगतं की तुझी टाच उचलली जातेय, ती टेकव. या वयात असं लक्ष कोण देतं?

आई मात्र देतात. मेथी निवडता निवडता त्यांचं चालू असतं, “पाठ वाकली. हनुवटी वर. खुबा, खुबा!” काकूंची तर पाचवी पोझिशन जवळजवळ यायला लागली आहे, हे मी फारसं बोलून दाखवत नाही. यांनी परवा प्रेसमधून आल्यावर चपला काढता काढता, कुणी बघत नाही असं समजून, दाराच्या चौकटीला धरून टाचा उचलल्या. मी पाहिलं. काही बोलले नाही, चहा टाकला.

तर नाशिक रोडला, म्हणजे जेल रोड, दत्तमंदिर, उपनगर, फार तर देवळाली कॅम्प, कुणी बॅले शिकवणारं राहायला आलं असेल तर कळवावं. ‘नाशकात’ नको, मध्ये द्वारका चौक लागतो. जमीन लाकडी असली तर फारच उत्तम, फरशी असली तर उड्या वगळून शिकवावं. शिकायला आम्ही दोघी आहोत, एका गृहस्थांचं अजून नक्की नाही, आणि चुका काढायला आई येतील. वेळ सकाळी साडेदहानंतरची. फी आगाऊ देऊ.